वातींचं पोतं

नागपूर,
रविवार, रात्री

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू चिडलीस, मीही आवाज चढवला, आणि बोलायचं ते राहूनच गेलं. "आई, तुला यातलं काही कळत नाही," म्हणून तू फोन ठेवलास. टेलिग्रामवरच्या तुझ्या त्या कामातलं मला कळत नाही हे खरं. पण घरबसल्या कमाईचं थोडं कळतं, आणि ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही. त्या कामात भरायला तू मागितलेले ५,००० पाठवले नाहीत. त्याऐवजी हे पत्र.

आपल्या माळ्यावर वातींचं पोतं होतं, आठवतं? तू विचारायचीस, आई, एवढ्या वाती कशाला आणल्या? आणल्या नव्हत्या गं. मी केल्या होत्या.

२०११ साल. तू दुसरीत. बाबांचं हिंगण्याचं काम सुटलेलं. पेपरात चौकटीत जाहिरात आली: मशीन आमची घ्या, कापूस आम्ही देऊ, वाती आम्हीच विकत घेऊ. मेडिकल चौकाकडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. लक्ष्मीचा फोटो, प्यायला थंड पाणी, टेबलावर काच आणि काचेखाली नोंदणीचे कागद. मशीन २८,००० ची. इतवारीत जाऊन मी पाटल्या गहाण ठेवल्या आणि बाबांना सांगितलं, भिशी लागली.

पहिल्या खेपेला १० किलो वाती नेल्या. त्यांनी तिथल्या तिथे वजन करून १,५०० रुपये रोख हातावर ठेवले. येताना मी तुझ्यासाठी संत्रा बर्फी आणली होती. त्या दीड हजारांनी माझ्या डोळ्यांवर जी झापड आली, ती आलीच. दुसऱ्या खेपेला साहेबाने एक वात बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "ताई, ओल आहे." तुझे आजोबा कापूस विकायला न्यायचे तेव्हा व्यापारी ओल दाखवूनच भाव पाडायचा, त्यामुळे मला ते पटलं. गच्चीवर लुगडं अंथरून मी वाती वाळवल्या. मे महिना, आपल्या नागपूरचं ऊन! बाबा म्हणाले, "काहून एवढ्या वाती वाळवून राहिली, भाजून खायच्या का?" तरी ओलच. मग म्हणे वात एकसारखी नाही. मग, "ताई, ९,००० चं ड्रायर घ्या, माल पास होऊन जाईल." तेही घेणार होते मी. पैसे जमवेपर्यंत तिथे कुलूप लागलं, म्हणून तेवढे तरी वाचले.

आता तुझा ग्रुप. कधी पाहिलेलीही नाहीत अशा हॉटेलांना पाच तारे द्यायचे, एकाचे ५० रुपये. पहिल्या दिवशी १५०, तीन दिवसांत ८००. आणि आता 'प्रीपेड टास्क', ५,००० भरा, ६,५०० घ्या. चिऊ, तुझे ८०० म्हणजे माझे दीड हजार. पुढचंही सांगते. स्क्रीनवर ६,५०० दिसतील, पण काढता येणार नाहीत. म्हणतील तुझा स्कोअर घसरला, नाहीतर टास्कमध्ये तुझीच चूक झाली, आणखी १५,००० भर म्हणजे खातं मोकळं होईल. ही ओलच आहे. माल कधीच पास होत नसतो. शेवटी येईल कर: आधी ३० टक्के भरा, मग रक्कम सुटेल. मी पोस्टाच्या आरडीची एजंट, कमिशन शंभराला ४ रुपये. त्यातून टीडीएस, म्हणजे कर, कापून उरलेलं खात्यात येतं. 'बाई, आधी कर भरा, मग कमिशन देतो', असं पोस्ट एकदाही म्हणालं नाही. खरा देणारा कापून देतो, तो आपल्याकडून मागत नाही.

आणि भाव बघ ना. कुणाचे १,००० रुपये आणायला मी चार जिने चढते तेव्हा मला ४० मिळतात. तुला बोटाच्या एका टिचकीला ५०? कुणी का देईल बाप्पा?

ग्रुपमधले लोक रोज पैसे मिळाल्याचे फोटो टाकतात म्हणालीस. माझ्या त्या ऑफिसातही बाकावर दोन बायका कायम नोटा मोजत बसलेल्या असायच्या. कुलूप लागलं त्या दिवशी आम्ही तीसेक जणी जिन्यात उभ्या होतो. त्या दोघी नव्हत्या.

एक काम आत्ताच कर. बँकेचं स्टेटमेंट उघड आणि ते ८०० कुणाकडून आले ते वाच. कंपनीचं नाव नसेल. दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव असेल. बहुतेक ते तुझ्यासारख्याच कुणाचे तरी पैसे, तुझ्याकडे वळवलेले. त्याने तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती गोठवली जाऊ शकतात, आणि मग तुझ्या क्लासच्या फीचेही अडकतील. 'तुमच्या खात्यात पैसे घ्या, पुढे पाठवा, कमिशन ठेवा' असं कुणी म्हटलं तर उत्तरसुद्धा देऊ नकोस. ते खातं भाड्याने देणं झालं, आणि पोलीस आधी खातेदाराच्याच दारी येतात.

त्यांनी उद्यमचं, म्हणजे सरकारी उद्योग-नोंदणीचं, सर्टिफिकेट पाठवलं, म्हणून तुला भरवसा वाटला. मागच्या महिन्यात मीच शेजारच्या शिलाईवाल्या वहिनींना ते मोबाईलवर काढून दिलं. फुकट निघतं, आपण भरू ती माहिती घेतात, दुकान आहे की नाही हे बघायला कुणी येत नाही. काचेखालचे कागद ते हेच.

त्याच वहिनींच्या मुलीने डेटा एन्ट्री घेतली होती. आठ दिवस रात्र रात्र टाइप केलं. मग ९८ टक्के अचूक नाही म्हणून पैसे नाहीत, वर करार मोडल्याचा दंड आणि व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस. पोरगी जेवेना. मी म्हटलं, कोर्ट असं व्हॉट्सॲपवर दम देऊन पैसे मागत नाही, नंबर ब्लॉक कर. केला. पुढे काहीच झालं नाही.

समज, मला न सांगता मैत्रिणीकडून घेऊन तू भरले असशील. मी रागावणार नाही, खरंच. तसाच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव आणि बँकेलाही कळव. लवकर कळवलं तर पैसा मधल्या खात्यात अडवता येतो, दोन दिवसांनी तो कुठल्या कुठे गेलेला असतो. ग्रुप सोडायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ, काही पुसू नकोस. आणि नंतर कुणी 'तुमचे बुडलेले पैसे सोडवून देतो, थोडी फी लागेल' म्हणाला, तर तो त्यांचाच भाऊबंद समज.

मी तेव्हा तक्रार केली नव्हती. लाज वाटली. पाटल्यांचं बाबांना दोन वर्षांनी कळलं, तेही सराफाचं पत्र आलं म्हणून. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. मशीन शेवटी भंगारात किलोने गेली.

हातखर्चाला कमी पडतं हे तू आधीच सांगायला हवं होतंस. पुढच्या महिन्यापासून १,५०० जास्त पाठवते. फोन रात्री ९ नंतर कर, त्याआधी मी नंदनवन वस्तीत आरडीच्या कलेक्शनला असते.

पार्सलमध्ये चिवडा आहे, बाबांनी निवडलेली संत्री आहेत, आणि तळाशी त्या पोत्यातल्या उरलेल्या वातींची पुडी. संध्याकाळी खोलीत देवाजवळ लाव. छान जळतात. ओल त्यांच्यात कधी नव्हतीच.

तुझी,
आई