गावच्या दिव्यांचे तोंड जमिनीकडे हवे

महोदय,

औसा तालुक्यातील आमचे गाव १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसले. जुन्या गावातल्या बोळी अरुंद होत्या, ओट्यावरच्या एका कंदिलावर चार घरांचे भागत असे. पुनर्वसित गावात रस्ते रुंद आणि सरळ, घरे लांब-लांब, त्यामुळे खांबावरच्या दिव्यांची गरज येथे पहिल्यापासूनच आहे. रब्बीत रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला निघालेल्या माणसाला वाटेवरचा साप दिसलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. माझी तक्रार दिव्यांबद्दल नसून ते कसे बसवले जातात त्याबद्दल आहे.

पाराजवळ उभारलेल्या हायमास्टच्या सहाही दिव्यांची तोंडे आडवी आहेत. त्यांचा उजेड आभाळात आणि लोकांच्या घरात जातो. उन्हाळ्यात स्लॅबवर झोपताना आम्ही बाजेच्या उशाशी दोरीवर जुने धोतर बांधतो. नळाकडे जाणारी बायाबापड्यांची वाट मात्र अंधारातच आहे, कारण असा झगझगीत दिवा डोळ्यांवर आला की बाहुली आकसते आणि त्यापलीकडचे, एरवी चांदण्यात दिसले असते तेसुद्धा, दिसेनासे होते.

शेतीचे नुकसान तर कोणी मोजतच नाही. सोयाबीन आणि तूर ही रात्र मोठी होऊ लागली की फुलोऱ्यात येणारी पिके आहेत, आणि दिव्याच्या उजेडात त्यांना रात्र मोठी झाल्याचे कळतच नाही. माझ्या बांधालगतच्या खांबाखाली सोयाबीनची सहा-सात तासे, म्हणजे ओळी, दरवर्षी काढणीच्या वेळीही हिरवीगार असतात. बाकीच्या रानात पाने गळून शेंगा वाळलेल्या, आणि येथे शेंगा धरायला नुकती सुरुवात झालेली. मळणीयंत्रात हे ओले काड घालता येत नाही, म्हणून ते सोडून द्यावे लागते. खताचा दोष असेल असे समजून मी दोन वर्षे त्या पट्ट्यात खत बदलून पाहिले, हे येथे प्रांजळपणे सांगतो. मुळे खाणाऱ्या हुमणी किडीचेही तसेच. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे सायंकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि उजेडाकडे धावतात, म्हणूनच कृषी विभाग प्रकाश सापळे लावायला सांगतो. सापळ्याखाली निदान रॉकेल-पाण्याचे घमेले तरी असते. आमचा खांब भुंगेरे नुसतेच गोळा करतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम आहे आणि घरपट्टीच्या पावतीवर आपण दिवाबत्ती कर भरतो. त्यामुळे पुढच्या खरेदीचे अंदाजपत्रक होण्यापूर्वी ग्रामसभेने काही अटी ठरवून त्या लेखी घालाव्यात: दिव्याला वरून पूर्ण आच्छादन असावे व त्याची काच जमिनीशी समांतर, म्हणजे उजेड थेट खाली पडेल अशी बसवावी, बाजारात सर्रास मिळणाऱ्या ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या दिव्याऐवजी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर उजेडाचा दिवा घ्यावा, शिवाराकडच्या खांबांना टायमर असावा. एक उंच हायमास्ट उभारण्यापेक्षा वाटेवाटेने कमी वॅटचे चार दिवे लावणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते, पण हायमास्टवर नावाची पाटी मोठी लावता येते, ही त्यातली खरी अडचण असावी.

हे काही परदेशातले कौतुक नव्हे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे आभाळ अंधारे राखलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांतील दिवे खाली उजेड पाडणारे केल्यावरच. आपल्याला पर्यटक नकोत, पण पद्धत तीच लागू पडते.

माझ्या बांधालगतच्या दिव्याला स्वखर्चाने पत्र्याचे झापड लावून द्यायला मी तयार आहे. तसा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. सोयाबीन फुलावर येण्यापूर्वी परवानगी मिळाली, तर यंदा ती सहा-सात तासे बाकीच्या रानाबरोबर काढता येतील.

– एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर