ग्रामसभेच्या दिवशी आमची तासिका नसते

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्थानिक स्वशासन शिकवणाऱ्या शिक्षकांचे ग्रामसभेतले काम अध्यापन म्हणून धरण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कला शाखेच्या महाविद्यालयात मी अकरा वर्षांपासून लोकप्रशासन शिकवते. माझ्याकडे मुख्यतः स्थानिक स्वशासनाचा पेपर असतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद, त्यांचे कायदे, त्यांचा पैसा, त्यांची माणसे. नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, नवा आदेश. जेवढे तास फळ्यापुढे उभी राहिले तेवढ्यांचेच बिल निघते. आज मी मानधनाविषयी लिहायला बसलेले नाही. त्यावर आमच्या लोकांनी पुष्कळ निवेदने दिली आहेत आणि त्यांतला शब्द न् शब्द खरा आहे. मला आपले लक्ष चार तारखांकडे वेधायचे आहे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या चार दिवशी राज्यात गावोगाव ग्रामसभा भरते. माझा विषय वर्षभर पुस्तकात असतो आणि या चार दिवशी तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसतो. पण हे चारही दिवस सार्वजनिक सुट्टीचे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तासिका लागत नाही. १५ ऑगस्टपर्यंत बहुतेक वर्षी माझा आदेशच निघालेला नसतो. १ मे येईपर्यंत तो संपलेला असतो. उरल्या दोन तारखा. त्या दिवशी मी नोकरीत असते, पण माझा तास नसतो. ग्रामसभा शिकवणाऱ्या बाईला ग्रामसभेच्या एकाही दिवशी शिकवता येत नाही, अशी ही व्यवस्था आहे. कोणी ठरवून ती अशी केली असे मला वाटत नाही. कोणाच्या लक्षातच आले नसावे, म्हणून हे पत्र.

२०२३ च्या २ ऑक्टोबरला मी तृतीय वर्षाची अकरा मुले-मुली घेऊन जवळच्या एका गावी गेले. एसटीचे भाडे मी दिले, डबे ज्याचे त्याने आणले. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. अर्धे गाव वावरात. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती, बाया एका बाजूला, माणसे दुसऱ्या. ग्रामपंचायतीच्या सचिवांनी मागच्या सभेचे प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, वाचले, मग गावाच्या विकास आराखड्याचा विषय निघाला आणि एक म्हातारे आजोबा पांदणीचा, म्हणजे शेताकडच्या वाटेचा, प्रश्न घेऊन उठून उभे राहिले. ‘दरवर्षी लाखानं पैसे येतात म्हणता, मंग पांदणीले काऊन देत नाही? पावसाळ्यात बंडी निंघत नाही वावरातून.’ सचिव म्हणाले, ‘निधी बंधित आहे.’ आजोबांनी पुन्हा विचारले. सचिव पुन्हा म्हणाले, ‘बंधित आहे, बंधित.’ त्या शब्दाचा अर्थ व्हरांड्यात कोणाला लागत नव्हता. पैसे खाल्ले म्हणून देत नाहीत, एवढाच अर्थ लोक लावत होते. आवाज चढू लागले.

माझ्या वर्गातली एक मुलगी, कोरडवाहू शेतकऱ्याची पोर, माझ्याकडे पाहून उठली आणि शाळेच्या फळ्याजवळ गेली. खडूने मधोमध रेघ ओढली. एका बाजूला बंधित, दुसऱ्या बाजूला अबंधित. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या, निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, दुसरीकडे वळवता येत नाहीत. ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचे, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. ‘पांदण या चाळिसात मागा,’ ती म्हणाली. ‘आन् रोजगार हमीतूनही पांदण होते. पण आराखड्यात नाव लिहून घ्या, नाहीतर दोन्हीकडून राहीन.’ आजोबांनी तिला विचारले, ‘तू कोणाची पोरगी?’ तिने बापाचे आणि गावाचे नाव सांगितले. मग ते सचिवांकडे वळून म्हणाले, ‘हे आधी काऊन नाही सांगतलं?’ पण आता त्या आवाजात राग नव्हता. त्या वर्षीच्या आराखड्यात पांदणीचे नाव लिहिले गेले.

परत निघताना सचिव बसथांब्यापर्यंत सोबत आले. त्यांच्याकडे तीन गावांचा पदभार होता. म्हणाले, ‘मॅडम, मला हे सगळं माहीत आहे. समजावून सांगायला वेळ भेटत नाही.’ ते खोटे बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दिवस माझ्या नोंदवहीत लिहिता येईल का, असे विचारले. सुट्टीच्या दिवसाची तासिका दाखवता येत नाही, असे उत्तर मिळाले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मुलांची हजेरीही लागली नाही. शिवाय वाटेत गाडीला काही झाले असते तर त्या अकरा जणांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून मला प्रत्येक वेळी सतावतो, कारण कागदावर आम्ही कुठे गेलोच नव्हतो.

महोदय, वर्गात आम्ही काय शिकवतो तेही सांगते. देशाला पंचायत राज सुचवणारी बळवंतराय मेहता समिती, १९५७. महाराष्ट्रासाठी त्याची रचना सुचवणारी वसंतराव नाईक समिती, १९६०. तिचा अहवाल १९६१ चा, शिफारशी २२६. हा आकडा आमच्या मुलांना पाठ असतो, स्पर्धा परीक्षेत विचारतात म्हणून. वसंतराव आमच्याच पुसदकडचे. त्यांच्या समितीच्या अहवालावर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. मला हे शिकवताना दरवेळी अभिमान वाटतो. पण त्याच मुलाला नमुना ८ म्हणजे काय हे विचारले तर तो गप्प बसतो. त्याच्या घराची कर आकारणी ज्या वहीत आहे ती नमुना ८ ची वही. त्याचा बाप दरवर्षी जी पावती फाडून आणतो ती नमुना १०. ग्रामपंचायतीचा सगळा कारभार एक ते तेहतीस नमुन्यांत चालतो आणि पदवीधर मुलाने त्यातला एकही उघडून पाहिलेला नसतो.

पुस्तके तरी कशी पुरणार? थेट जनतेतून सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये ती पद्धत गेली, २०२२ मध्ये परत आली. मधल्या काळात छापलेले पुस्तक हातात घेऊन मुले मला विचारतात, ‘मॅडम, यातलं कोणतं खरं?’ ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एक करून २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी असे नाव दिले गेले. गावात अजूनही सगळे सचिवच म्हणतात. या विषयाचे ताजे पान छापखान्यातून येईपर्यंत शिळे होते. ताजे असते ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, फायलीला टाचलेले.

आणि मधल्या काळात आमच्याकडे ग्रामपंचायतीखेरीज दुसरे काही दाखवायला उरलेही नव्हते. ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी चाचणी, म्हणजे आरक्षण देण्याआधी पुऱ्या करायच्या तीन अटी, घालून दिली. ते प्रकरण ज्या जिल्हा परिषदांवरून उभे राहिले त्यांत आमच्या वाशीम, अकोला, नागपूरच्याही होत्या. पुढे निवडणुका लांबत गेल्या आणि मार्च २०२२ पासून यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली येथे प्रशासक बसले. २०२२ मध्ये बारावी होऊन माझ्या वर्गात आलेली तुकडी २०२५ मध्ये पदवी घेऊन गेली. तीन वर्षे त्यांनी जिल्हा परिषदेचा अधिनियम अभ्यासला. अध्यक्ष, सभापती, स्थायी समिती, सगळ्यावर टिपणे लिहिली. त्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात निवडून आलेला एकही जिल्हा परिषद सदस्य पदावर असलेला त्यांनी पाहिला नाही. कोणता शिक्षक हे पुस्तकातून भरून काढील?

एक प्रसंग मनातून जात नाही. एम.ए.ला माझ्याकडे एक मुलगी होती. राखीव जागेवरून ती आपल्या गावात ग्रामपंचायत सदस्य झाली होती. एकदा तास संपल्यावर थांबली. म्हणाली, ‘मॅडम, मिटिंगच्या आधीच माझी सही घेतली. प्रोसिडिंग कोरं होतं. असं चालते का?’ मेहता समितीवर तिला पंधरा गुणांचे उत्तर लिहिता येत होते. तिच्या पुढ्यातल्या कोऱ्या पानावर काय करायचे ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. त्या संध्याकाळी मी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम घेऊन तिच्याबरोबर बसले. सदस्याचे हक्क कोणते, सभेची नोटीस कशी यायला हवी, विरोध नोंदवायचा कसा. पुढच्या मासिक सभेत तिने ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही केली नाही. हा तासही कुठे मोजला गेला नाही. मोजला नाही म्हणून मी तो घेणार नाही असे नाही. पण आपले शिक्षण खाते ज्याला अध्यापन म्हणते त्यात हे बसत नसेल, तर त्या शब्दात काय बसते, असा प्रश्न पडतो.

महोदय, विदर्भाला हा विषय नवा नाही. नागपूर विद्यापीठात १९४९ साली लोकप्रशासन व स्थानिक स्वशासन विभाग सुरू झाला. लोकप्रशासनाचा स्वतंत्र, पूर्ण विभाग देशात पहिल्यांदा तिथे उभा राहिला आणि त्याच्या नावातच स्थानिक स्वशासन होते. ते काही आकाशातून पडले नव्हते. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा, म्हणजे तालुका पातळीवरच्या स्थानिक संस्था, आल्या होत्या, त्या प्रांताचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्रांची ती योजना. गावचा कारभार नव्याने मांडला जात होता आणि तो शिकणारी, शिकवणारी माणसे हवी होती. गरजेतून विभाग निघाला. आजची गरज त्याहून मोठी आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि निवडून आलेल्या प्रत्येकीला दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणावर पाच वर्षे काढायची असतात. तिच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर हा विषय शिकवणारी एक बाई बसलेली असते. दोघींची गाठ पडत नाही.

गाठ पडली तर काय होते ते गडचिरोलीने दाखवले आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क देशात सर्वांत आधी मिळवलेल्या गावांत ते आहे. तिथल्या ग्रामसभेला जोडून अभ्यासगट चालत. बाहेरची जाणती माणसे येऊन बसत, कायदा वाचत, गावकरी प्रश्न विचारत, आणि निर्णय मात्र गाव सर्वसहमतीने घेई. त्या गावचे नेते देवाजी तोफा कोणत्या विद्यापीठात पंचायत राज शिकले नाहीत. अभ्यास त्यांच्या गावात येऊन बसला. आमच्या महाविद्यालयांना असे अभ्यासगट चालवायला कोणी मनाई केलेली नाही. फक्त त्यासाठी लागणारा माणसाचा वेळ कोणत्याच रकान्यात बसत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आहे, समाजातल्या कामाचे श्रेयांक (क्रेडिट) आहेत. विद्यार्थ्याला ३० तासांच्या कामाला एक श्रेयांक मिळतो, हे चांगलेच झाले. पण ते ३० तास त्याच्याबरोबर कोण जाणार? सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्या गावात, तासिकेवरची शिक्षिका कशाच्या आधारे जाणार? आमच्याकडे बहुतेक प्रोजेक्ट मग बांधणीवाल्याच्या दुकानात तयार होतात. मी ते वाचते, सही करते, आणि मला वाईट वाटते.

म्हणून मागणे असे. स्थानिक स्वशासनाचा पेपर जिथे जिथे आहे तिथे शिक्षकाने विद्यार्थ्यांसह ग्रामसभेला घालवलेला दिवस अध्यापनाचे तास म्हणून धरावा, मग तो सुट्टीचा असला तरी. तासिकेवरच्या शिक्षकाला तो बिलात दाखवता यावा. ग्रामविकास विभागाशी बोलून एक संयुक्त परिपत्रक काढावे, म्हणजे मुले कार्यालयात गेली तर नमुने दाखवायचे की नाही हे त्या त्या सचिवाच्या मनावर राहणार नाही. आमचे आदेश जूनमध्ये निघावेत आणि मे संपेपर्यंत चालावेत. या विषयाची रिक्त पदे भरावीत, हे तर आहेच. पण भरतीला वेळ लागतो हे मला कळते. ग्रामसभेचा दिवस मोजायला एक शासन निर्णय पुरेसा आहे. त्याला खर्चही फार नाही, एका पेपरमागे वर्षाला चार दिवसांचा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला यंदा जायचे ठरवले आहे. त्या गावात नळयोजनेच्या पाणीपट्टीवरून दोन वर्षे वाद चालू आहे आणि मुलांनी मागणी नोंदवहीवरून टोलावार, म्हणजे वस्तीवार, थकबाकी काढून ठेवली आहे. माझा आदेश तोवर आलेला नसेल. सकाळी साडेसातला झेंडावंदन झाले की सगळ्यांना बसस्टँडवर बोलावले आहे.

आपली,
तासिका तत्त्वावर लोकप्रशासन शिकवणारी एक शिक्षिका
जिल्हा यवतमाळ