यंदा खड्डे एप्रिलातच खोदले

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा पहिल्याच वाक्याला "अगं पण" म्हणाले असते आणि आईने फोन ओढून घेऊन जेवलीस का विचारलं असतं. म्हणून लिहिते. गावच्या आपल्या जमिनीत वरच्या वरकसात आंब्याचे 30 आणि उतारावर काजूचे 41 खड्डे खोदून झालेत. कलमांचे पैसे भरलेत. रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचून.

न विचारता केलं, ही चूकच. पण बाबा, बागेचे बेत लिहिलेली तुमची निळी वही काढून बघा. प्रत्येक नोंद जूनमधली नाहीतर जुलैमधली. पाऊस पडला, हिरवं दिसलं की आपल्या घरी बागेचा विषय निघायचा, आणि तोवर त्या वर्षाची बाग हातची गेलेली असायची. कलम लावायचं जूनमध्ये, पण खड्डा मे सुरू व्हायच्या आत हवा. तो पंधरा-वीस दिवस उन्हात तापला पाहिजे, भरला गेला पाहिजे, भरलेली माती पहिल्या पावसाने खाली बसली पाहिजे. ओल्या जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात चिखल होतो आणि त्यात कलम नुसतं रोवलं जातं. इच्छा कमी होती असं मी कधीच म्हणणार नाही. आपण दरवर्षी दोन महिने उशिरा उत्साही व्हायचो, एवढंच.

तुम्ही काढलेला आराखडा मी बदललेला नाही. म्हणजे, फारसा नाही. दहा बाय दहा मीटर तेच ठेवलंय. एका गुंठ्याला एक झाड हा तुमचा हिशेब बरोबरच होता, गुंठा जेमतेम 101 चौरस मीटरचा. पण मधल्या पट्ट्यात दोन फुटांवर कातळ लागला, म्हणून तिथले तीन खड्डे सरकवले आणि ओळ वाकडी झाली. तुम्हाला ती खुपणार हे माहीत आहे. पण कातळात फोडलेला खड्डा म्हणजे दगडाचं भांडं, पाणी जायला जागाच नाही. श्रावणापर्यंत कलम छान दिसतं, मग पानं पिवळी पडतात आणि माणूस खत कमी पडलं समजून आणखी खत घालतो. खाली मुळं कुजलेली असतात. जे दोन खड्डे तिथून हलवता आले नाहीत, त्यांच्या उताराकडच्या कडेला पाणी काढायला चर मारून घेतलाय.

खड्डे मीटरभर लांब, रुंद आणि खोल. प्रत्येकात वरच्या थराची चांगली माती, चार घमेली शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत पूर्ण कुजलेलंच घेतलं. कच्च्या शेणाला वाळवी येते आणि ती पुढे कलमाच्या मुळाशी जाते. भरताना माती जमिनीच्या वर वीतभर उंच ठेवली. पावसात ती बसणारच, आणि सपाट भरला असता तर बुंध्याशी डबकं झालं असतं.

आता दुसरा बदल, तोही सांगून टाकते. वहीत तीसच्या तीस हापूस आहेत. मी 26 हापूस घेतलेत, दोन केसर आणि दोन रत्ना. नुसत्या हापूसच्या बागेत फळ कमी धरतं, मोहोराला दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून तसं झाड जवळ हवं. रत्ना तर नीलम आणि हापूसचाच संकर, 1981 मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेला. त्यात साका, म्हणजे फळाच्या आतला पांढरट, न पिकलेला गर, होत नाही. त्यामुळे बाबा, परकं कोणी आणलेलं नाही, अर्धं रक्त हापूसचंच आहे.

उतारावर काजू का, ते लिहायला मला जरा जड जातंय. हापूसचं कलम पाच-सहा वर्षांनी फळ दाखवतं, आणि खरं उत्पन्न त्यानंतर. "तोवर मी कुठे" हे तुम्ही हसत म्हणता, आई उठून आत जाते. म्हणून काजूच्या वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 या जाती, सात बाय सात मीटरवर. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी देतं. आणि या पावसात दोन ओळींमध्ये हळद, कुळीथ, अळू. आईला दसऱ्यापर्यंत स्वतःच्या जमिनीतलं अळू मिळेल, याची हमी मी देते.

पैशांची काळजी नको. आईच्या एफडीला हात लावलेला नाही. काजूच्या 20 गुंठ्यांसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अर्ज केला होता, पूर्वसंमती आल्यावरच तिथे कुदळ लावली. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं येतं, आणि मधे जिवंत झाडं मोजतात: पहिल्या वर्षी 80 टक्के, दुसऱ्या वर्षी 90. मेलेल्या जागी लगेच नवं कलम लावून नांग्या भरायच्या. आंब्यासाठी मात्र अनुदानाची वाट पाहिली नाही. आणखी एक जून गेला असता. सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमतिपत्रं लागली. काकांनी सही दिली. काय बोलले ते भेटल्यावर सांगेन, वाईट नाही.

तुम्ही कधी यायचं? मृगात नाही. पहिला धो धो पाऊस जाऊ दे, माती बसू दे. आर्द्रा लागल्यावर लावायला घेऊ. तुतारी एक्सप्रेसची दोन्ही खालच्या बर्थची तिकिटं काढली आहेत. गाडी ठाण्याला मध्यरात्रीनंतर येते, म्हणजे तिकिटावर 26 तारीख आहे आणि घरातून 25 च्या रात्री निघायचं. बाबा, हे दोनदा वाचा.

आई, घराचं ऐक. न्हाणीघराला लागून कमोड बसवलाय, बाजूला धरायला स्टीलचा दांडा. जिथे तू घसरलीस ती पडवीची पायरी फोडून उतार केलाय, त्यावर खरखरीत लादी. दिवे जातात म्हणून इन्व्हर्टर आहे, पंखा आणि दोन दिवे रात्रभर चालतात. गरम पाण्याचा बंब पितळेचाच, तो हलवायची माझी हिंमत नाही. गोळ्या महिन्याच्या नकोत, दीड महिन्याच्या आण, पावसात कुडाळला जाणं होईलच असं नाही. साखर तपासायचं मशीन आणि त्याच्या पट्ट्या हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही.

बाबांसाठी नियम. खाली बसून कलम लावायचं नाही, प्लास्टिकचा बुटका स्टूल आणलाय. गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही, पायाला ओरखडा असेल तर अजिबातच नाही. घमेलं उचलायचं नाही. तुम्ही सांगा, उचलायला माणसं आहेत.

आणि सांगायला तुम्हीच हवेत, कारण घाईत माणसं कलमाची पिशवी खालून ओढतात आणि मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटते. पिशवी बाजूने ब्लेडने चिरायची, तळाशी गुंडाळलेली मुळं कापायची, मातीची हुंडी आख्खी उतरवायची. कलम बांधलेला जोड जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर कापायची, नाहीतर खोड जाड होताना ती त्यात रुतते आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडतं. कोवळी तांबूस पालवी असलेलं कलम बाजूला ठेवायचं, पालवी पिकल्यावर लावू. काठीला सैल बांधायचं, इंग्रजी आठच्या आकड्यात. जोडाखालून फुटलेला प्रत्येक कोंब खुडायचा. तो जोमदार दिसतो म्हणून जीव होत नाही, पण तो खालच्या रायवळ, बाठ्यापासून वाढलेल्या झाडाचा असतो आणि वरचा हापूस उपाशी मरतो.

पुढचं मी बघते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला 30 लिटर पाणी, दुसऱ्यात पंधरवड्याला, तिसऱ्यात महिन्याला. भात कापल्यावर गुरं मोकाट सुटतात, त्याच्या आत गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, पडलेली बाजू चढवून घेईन. डिसेंबरात गवत कापून कडेने पट्टा साफ करायचा, वणव्यासाठी. एकच भांडण आत्ताच मिटवून घेऊ: पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला की खुडायचा. झाडाला आधी फांद्या करू देत. तुम्ही पाठ फिरवून उभे राहा, मी खुडेन.

वहीत त्या नकाशावर तीस गोल आहेत ना, ते हिरव्या खडूने मी रंगवले होते आणि एक रेषेबाहेर गेला म्हणून रडले होते. तुम्ही तेव्हा म्हणालात, ते झाड मोठं होणार म्हणून बाहेर गेलंय. विहिरीजवळचा तोच खड्डा. वाट सपाट आहे, पायऱ्या नाहीत. तिथलं कलम तुम्ही दोघांनी लावायचं, बाकीच्यांना मी हात लावते.

तुमची,
धाकटी

ता. क. आईच्या गमबुटाचा नंबर कळवा. मोज्यांसकट पाय मोजा, सकाळी नाही, संध्याकाळी, सूज असते तेव्हा.