वॉचमनकाका आणि टॉर्चवाल्या ताई, मनापासून आभार

शनिवारी पुण्यात आमच्या अभियंता मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेले वायू. आयुष्यातलं पहिलंच जाहीर व्याख्यान. दहा मिनिटं झाली नि वळवाच्या पावसात वीज गेली. प्रोजेक्टर बंद, लॅपटॉपची बॅटरी आधीच उतरलेली. समोर वीजक्षेत्रात हयात घालवलेली माणसं, आणि माझ्या घशाला कोरड.

तेवढ्यात हॉलचे वॉचमनकाका मागच्या खोलीतून जुना फळा ओढत घेऊन आले. त्यावरची धूळ त्यांनी स्वतःच्याच ओल्या रुमालाने पुसली, खडूचे तीन तुकडे माझ्या हातावर ठेवले. "लिहा मॅडम, थांबू नका."

तिसऱ्या रांगेतल्या एक ताई उठल्या आणि मोबाइलचा टॉर्च फळ्यावर धरून उभ्या राहिल्या. मी ड्युव्हलचा त्रिकोण काढला, म्हणजे तेलातल्या तीन वायूंच्या प्रमाणावरून ट्रान्सफॉर्मरमधला बिघाड ओळखायची आकृती, पण घाबरून इथिलीन आणि ॲसिटिलीनच्या बाजूंची अदलाबदल केली. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ॲसिटिलीन खालच्या बाजूला." कोणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. तेलात ठिणगी पडत असल्याची खूण म्हणजे हाच वायू. तिथे चूक राहिली असती तर पुढचं सगळं विश्लेषण फसलं असतं.

पुढचा पाऊण तास त्या उभ्याच होत्या. हात अवघडला की टॉर्च दुसऱ्या हातात, प्रकाश मात्र खडूच्या टोकावरून ढळला नाही. प्रश्नोत्तरांच्या गडबडीत त्या निघून गेल्या. ताई, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. काकांचा रुमाल धुऊन माझ्याकडे ठेवलाय, पुढच्या शनिवारी घेऊन येते.