नाचणीचं सत्व संपत आलंय

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाळी आत्ता झोपली. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी पत्र आईनेच वाचायचं. बाबांनी ऑपरेशनच्या डोळ्याला ताण द्यायचा नाही. हे फोनवर बोलायला गेले असते तर आई, तू "बरं, तुझी मर्जी" म्हणाली असतीस आणि मला पुढे बोलवलंच नसतं.

पुढच्या सोमवारी मी कामावर हजर होतेय आणि बाळीला पाळणाघरात ठेवायचं ठरवलंय. पैसेही भरून झालेत. तुम्ही दोघं इथे येऊन राहणार म्हणून बॅगा काढल्यात असं काल शेजारच्या वहिनींकडून कळलं आणि पोटात कालवलं. त्या बॅगा परत माळ्यावर ठेवा. आई, तू चढू नकोस, वहिनींच्या मुलाला सांग.

रागावू नका. सव्वीस आठवड्यांची रजा २०१७ च्या कायद्यामुळे मिळाली, तिला साठवलेली महिन्याची रजा जोडली. आता आणखी मागायला तोंड नाही. घराचा हप्ता तुम्हाला माहीतच आहे. आणि आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. दिवाळीत आम्हाला पोचवायला आलीस तेव्हा तू एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून चढलीस. दारात "चप्पल काढते" म्हणून खाली बसलीस ती दहा मिनिटं उठली नाहीस. मी आतून बघत होते, बाळीला घेऊन. तुला कळू नये म्हणून पाणी आणायला गेले. त्याच दिवशी माझं ठरलं होतं, सांगायला एवढे दिवस लागले. त्या गुडघ्यांनी तू दिवसभर रांगत्या पोरीमागे धावणार आणि बाबा डोळ्यांत थेंब घालून चार जिने उतरून दूध आणणार, हे मला बघवणार नाही.

पाळणाघर ऑफिसपासून पाच मिनिटांवर आहे. तळमजला, पुढे अंगण, सकाळचं ऊन येतं. मुलं सहाच. सांभाळणाऱ्या काकू तुझ्याच वयाच्या आहेत, मुलं झोपली की पंख्याचा वेग स्वतः उठून कमी करतात. मी तीन वेळा न सांगता जाऊन आले. दुपारच्या सुट्टीत जाऊन मीच तिला पाजणार. सकाळचं काढून ठेवलेलं दूध त्यांच्या फ्रिजमध्ये राहील. जेवण घरूनच जाणार, विकतचा डबा नाही, पाकीट नाही.

आता दुसरं. हे सांगायची जास्त भीती वाटतेय.

आई, पुण्यात आल्यापासून मी गुटी उगाळलीच नाही. तू रोज विचारायचीस, मी रोज "हो, दिली" म्हणायचे. सहाण तू सुपातून पुसून दिलीस तशीच कपाटात आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मधाचं बोटही वर्ष होईपर्यंत नाही, कारण मधात कधी कधी असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. तू आम्हा दोघांना वाढवलंस ते त्या वेळच्या ठाऊक असलेल्या चांगल्यातलं चांगलं देऊन. त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण खोटं बोलले ते चुकलं. तुझ्याशी खोटं बोलून फोन ठेवला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

आणि उष्टावणाची वाटही मी पाहिली नाही. दादाची रजा मेमध्ये, तोवर ती दहाव्या महिन्यात जाईल. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातलं लोह पुरत नाही, आईच्या पोटातून आणलेला साठाही तोवर सरतो. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या सदुसष्ट मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. हे वाचल्यावर मला थांबवेना. समारंभ मे महिन्यात करूच, खीर दादानेच भरवायची, सोन्याची अंगठीही बुडवायची. तो मान त्याचाच.

पहिला घास मात्र तुझ्या नाचणीचा होता. हॉर्लिक्सच्या बाटलीवर बाबांनी चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच आहे: "नाचणी सत्व. वापरण्यापूर्वी चाळून घेणे." मी चाळून घेतलं, बाबा. चहाचा चमचाभर पीठ, पाऊण वाटी पाणी, गाठ होऊ नये म्हणून आधी थंड पाण्यात कालवून मग मंद आचेवर. वरून तुपाचा थेंब. मीठ नाही, गूळ नाही. माझी चेपलेली चांदीची वाटी काढली, पडवीवरून फेकलेली तीच. बाळीने पहिला चमचा जिभेने बाहेर ढकलला. हनुवटीवरून तपकिरी ओघळ मानेच्या वळीत गेला. दुसराही बाहेर आला. तिसऱ्याला ती थांबली, डोळे मोठे केले आणि चमच्याला धरून बसली, सोडेचना. घर एकदम तुझ्या स्वयंपाकघरासारखं वासाने भरलं. मी पेज ढवळायची थांबले आणि ओट्याला टेकून रडले.

तू नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतेस, सावलीत वाळवून भाजतेस, त्याचं कारण मला आता कळलं. मोडामुळे पिष्ट फुटतं, म्हणून पेज घट्ट होत नाही आणि एवढ्याशा पोटात पाण्यापेक्षा धान्य जास्त जातं. शिवाय धान्यातलं लोह अंगी लागायला मोड मदत करतात. तू नुसतं "मोडाची हलकी पडते" म्हणायचीस. तेच, तंतोतंत.

आता ती दोन वेळा खाते. सकाळी नाचणी, संध्याकाळी खिमट. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, पंचावर वाळवून, जिरं घालून भाजून मी मिक्सरवर भरडते. तुझ्यासारखी एकसारखी भरड अजून जमत नाही. लाल भोपळा, गाजर उकडून कुस्करते, खिमटात लिंबाचा थेंब पिळते. परवा अंड्याचा बलक कडक उकडून दिला. बाबा, तुम्ही मुडदुशा माशांचं विचारत होतात ना? काटा नीट काढून, पूर्ण शिजवून चालेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. एप्रिलमध्ये आम्ही तिकडे येऊ तेव्हा बाजारात तुम्हीच जायचं आणि काटेही तुम्हीच काढायचे. माझे काढत होतात तसे, बोटांनी दोनदा चाचपून.

आई, माझ्या वेळी तीन महिन्यांतच तू शाळेत रुजू झालीस आणि मला आजीकडे ठेवलंस, हे तू अजून मनाला लावून घेतेस. मला त्यातलं फक्त आजीच्या लुगड्याचा वास आणि संध्याकाळी अंगणाच्या फाटकाचा आवाज एवढंच आठवतं. फाटक वाजलं की आई आली. बाळीलाही तसाच कुठलातरी आवाज आठवेल.

आता दोघांनी नीट ऐका. सत्व संपत आलंय, पण तू जातं ओढायचं नाहीस. खांदा अजून वर जात नाही, हे मला माहीत आहे, लपवू नकोस. मोड आणून वाळवून दे, दळायला गिरणीत धाडायचं, आधी गिरणवाल्याला दगड झाडून घ्यायला सांगायचं. वस्त्रगाळ मी इथे करीन, बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा आहे माझ्याकडे. रक्तदाबाची गोळी सकाळी चहाआधी घे, देवपूजेनंतर नाही. बाबा, थेंब चारही वेळा. चुलीपुढे बसायचं नाही, वाकून कलमांना पाणी घालायचं नाही, गडी येतो तोवर थांबा. सिलिंडरचा नंबर मी लावलाय, बुधवारी येईल.

रोज संध्याकाळी सात वाजता फोन करीन, बाळीचं खिमट तुमच्यासमोरच होईल. आई, तू "घे घे बाय" म्हटलंस की ती तोंड उघडते, माझ्या हाकेला उघडत नाही.

तुमची,
बाय

ता.क. हॉर्लिक्सची बाटली चाकरमानी मामांबरोबर परत पाठवतेय. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आत डिंकाचे लाडू आहेत, पहिल्यांदाच केलेत. रोज सकाळी एक, गुडघ्यांसाठी, आईने. बाबांनी साखर बघून अर्धा. चिठ्ठी काढलेली नाही, सत्व त्याच बाटलीत भरा.