बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "घर आहे, ठेवी आहेत, तरी चार पैसे गाठीला आहेत असं वाटतच नाही." आई म्हणाली, "ह्यांचा स्वभावच तसा." मला नाही पटलं. तुमच्या ठेवी बघा ना : एक आजारपणाची, एक म्हातारपणाची आणि एक नुसतीच 'असू द्यावी' म्हणून. पैसा तुमच्या नावावर, पण भीतीकडे गहाण!

2013 मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेनं युरो वापरणाऱ्या देशांतल्या कुटुंबांच्या संपत्तीची पाहणी छापली. तळाला कोण निघालं असेल? जर्मनी. तिथली कुटुंबं संपत्तीच्या क्रमानं ओळीत लावली, तर अगदी मधोमध येणाऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती 51,400 युरो. ग्रीस, स्पेनमधली कुटुंबं कागदावर त्यांच्याहून श्रीमंत! याचं एक मोठं कारण म्हणजे निम्म्याहून जास्त जर्मन कुटुंबं भाड्यानं राहतात. शिवाय सरकारी पेन्शनचा हक्क त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. घरमालक मनात आलं म्हणून बाहेर काढू शकत नाही, म्हातारपणी पेन्शन ठरलेली, मग जिवाचा आटापिटा करून साठवायचं कशाला?

हे श्रीमंत देशांचे लाड आहेत असं म्हणू नका. थायलंडनं 2002 मध्ये सगळ्यांसाठी आरोग्य योजना आणली, तेव्हा तो काही धनाढ्य देश नव्हता. दवाखान्याच्या एका खेपेला 30 बाट भरायचे, बस. दुखण्यापायी कर्जात बुडणारी घरं त्यानं कमी झाली. पगार तेवढाच, पण त्यातला आपला म्हणावा असा हिस्सा वाढला.

यासाठी कर भरावा लागतो, हे तुम्ही म्हणणारच. लागतोच. आणि सेवा नुसती फुकट असून भागत नाही. दवाखाना आहे पण डॉक्टर जागेवर नाही, शाळा आहे पण शिकवणी लावावीच लागते, असं झालं की माणूस एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे मोजतो. मग कर म्हणजे त्याला दंडच वाटतो, त्यात त्याचं काय चुकलं?

तेव्हा ठेवी मोडा असं मी सांगणार नाही. मात्र आजारपणाच्या ठेवीतून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आता करून घ्या. "पुढे लागले तर?" म्हणत किती टाळणार? तारीख ठरली की कळवा, मी रजा काढते.

तुमची लेक