मराठीचाच तास का कापता?

संपादक महोदय,

यजमानांची बदली झाली आणि गेल्या जूनमध्ये आम्ही साताऱ्याहून खारघरला आलो. मुलगा चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, त्याला पाचवीला थेट आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या परदेशी अभ्यासक्रमाच्या) आंतरराष्ट्रीय शाळेत घातलं. निर्णय आमचाच, त्याचं रडगाणं नाही. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी सपोर्ट क्लास आहे, असं प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. त्याची फी वेगळी. तीही भरली.

हा क्लास आठवड्यातून तीनदा, आणि नेमका मराठीच्या तासाला! अख्ख्या दिवसात ज्या एका तासाला पोरगं हात वर करायचं, त्याच तासाला त्याला वर्गाबाहेर काढतात. ‘मराठी त्याला येतंच की,’ असं कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या. 2020 च्या कायद्याने राज्यात सगळ्याच मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, हे मी भीतभीतच सुचवलं. (एवढी फी भरूनही शाळेत भीतभीतच बोलावं लागतं, असो.)

बरं, तिथे शिकवतात काय? फळं, रंग आणि ‘माय फेव्हरिट हॉलिडे’. त्याचं घोडं तिथे अडलेलंच नाही. मैदानावरचं इंग्रजी त्याने दिवाळीपर्यंत उचललं. अडतं ते गणितात, विज्ञानात. ‘हाऊ मेनी मोर’ असं दिसलं की मोर म्हणजे जास्त, म्हणून हा बेरीज करून मोकळा. वजाबाकी त्याला तोंडी येते! सासूबाई म्हणाल्या, ‘गणितात मोर कुणी सोडला?’ विज्ञानात ‘मॅटर’चा धडा निघाला, तर हा विचारतो, ‘आई, यात भांडण कुठंय?’

बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी केव्हाच मांडून ठेवलं आहे. मग सपोर्टच्या बाई विज्ञानाच्या तासालाच त्याच्या शेजारी का बसत नाहीत? धड्यातले दहा अवघड शब्द आदल्या दिवशी घरी पाठवले, तरी आम्ही मराठीतून समजावून ठेवू. आयबीच्या शाळेला स्वतःचं लेखी भाषा धोरण ठेवावं लागतं. ते मी दोनदा मागितलं, अजून बघायला मिळालेलं नाही.

उलट पालकसभेत सल्ला मिळाला, की घरी मराठी बोलणं बंद करा. घरात सासूबाई आहेत. संध्याकाळी भाकरीचे तुकडे मांडून त्याच नातवाला अपूर्णांक समजावतात, आणि ते त्याला समजतात. त्यांना कोणत्या तोंडाने गप्प बसा म्हणू?

नव्या वर्षाचं वेळापत्रक अजून लागायचं आहे. सपोर्टचा तास मराठीवर पडणार नाही, एवढं तरी शाळेने पाहावं.

– एक पालक, खारघर, नवी मुंबई